कुत्रा, घोडा की साधी काठी? घरात दिव्यांग माणूस असेल तर प्राणी आणण्याआधी हे वाचा

थेरपी सेंटरच्या बाहेरच्या बाकड्यावर परवा एक आई शेजारी येऊन बसली. मुलगा सात वर्षांचा, ऑटिझम, दोन शब्दांच्या पुढे वाक्य जात नाही. ओळख दोन-तीन महिन्यांचीच, पण तिनं सरळ विचारलं, "ताई, आम्ही लॅब, म्हणजे लॅब्रॅडॉर कुत्रा, घ्यायचा म्हणतोय, दिरांच्या मित्राकडे पिल्लं झालीयेत, रविवारपर्यंत हो-नाही कळवायचंय, काय करू?" मी म्हटलं रविवारचं सोड, आधी ऐक. मग मुलांची सेशन्स संपेपर्यंत पाऊण तास बोलत बसलो आणि तरी अर्धं राहिलंच, म्हणून आता सगळं लिहून काढतेय, तिच्यासाठी आणि याच विचारात असलेल्या बाकीच्यांसाठी पण.

मी कुठून बोलतेय ते सांगते. माझा मुलगा तेरा वर्षांचा, ऑटिझमच. माझे सख्खे मामा पुण्यात सदाशिव पेठेत राहतात, रेटिनायटिस पिगमेंटोझा या डोळ्यांच्या पडद्याच्या आजारामुळे चाळिशीनंतर हळूहळू दिसणं जवळजवळ गेलं. आणि आमच्या फिजिओच्या ग्रुपमधली एक मुलगी, सीपी म्हणजे सेरेब्रल पाल्सी आहे, ती दर आठवड्याला घोड्यावर बसते. त्यामुळे गाइड डॉगची चौकशी, थेरपी डॉगची सेशन्स, घरचा कुत्रा आणि घोडा हे चारही मी जवळून बघितलंय. मी डॉक्टर नाही की ट्रेनर नाही, पण ज्या चुका आम्ही केल्या त्या तुम्ही करू नयेत असं फार वाटतं.

आधी नावं नीट समजून घ्या

लोक सगळ्यालाच थेरपी डॉग म्हणतात आणि तिथंच घोळ सुरू होतो. असिस्टन्स डॉग म्हणजे एका माणसाचा कुत्रा, त्या माणसाला जे काम जमत नाही नेमकं तेच काम शिकवलेला. आंधळ्या माणसाला अडथळ्यातून नेणं, बहिऱ्या माणसाला दाराची बेल वाजली की पंजा लावून सांगणं, व्हीलचेअरवरच्या माणसाला खाली पडलेला मोबाइल उचलून देणं, अशी कामं. थेरपी डॉग वेगळा. तो त्याच्या हँडलरबरोबर, म्हणजे त्याला सांभाळणाऱ्या माणसाबरोबर, शाळेत, हॉस्पिटलात, सेंटरवर येतो, अनेकांबरोबर थोडा थोडा वेळ काम करतो आणि संध्याकाळी स्वतःच्या घरी जातो. तिसरा म्हणजे घरचा पाळीव कुत्रा, ज्याच्यामुळे मनाला बरं वाटतं, आधार वाटतो, पण ज्याला ठरावीक काम शिकवलेलं नसतं. अमेरिकेत याला इमोशनल सपोर्ट ॲनिमल म्हणतात आणि तिथल्या दिव्यांग कायद्यातसुद्धा तो सर्व्हिस ॲनिमल धरत नाहीत, सर्व्हिस ॲनिमल म्हणजे काम शिकवलेला कुत्राच (छोट्या जातीच्या घोड्यासाठी वेगळी तरतूद आहे). तिथल्या विमान कंपन्यांनाही २०२१ पासून असे सपोर्टवाले प्राणी केबिनमध्ये घ्यायचं बंधन उरलेलं नाही.

आपल्याकडे २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे, त्यात २१ प्रकार धरलेत, पण मदतनीस कुत्र्याची वेगळी व्याख्या त्यात नाही. म्हणून कोणी "सर्टिफाइड सर्व्हिस डॉग" म्हणून लॅमिनेट केलेलं कार्ड आणि लाल जॅकेट विकत असेल तर पैसे देऊ नका. आम्हाला एकानं असं कार्ड दाखवलं होतं आणि त्यावर म्हणाला की आता तुमच्या मुलाबरोबर कुत्रा मॉलमध्ये, सिनेमाला, कुठंही येऊ शकतो. तसं काही होत नाही. दारावरचा वॉचमन तुम्हाला अडवणारच आणि त्याच्यापुढे ठेवायला त्या कार्डाच्या मागे काही नसतं. अमेरिकेत तर अशा कार्डाची कायद्याला गरजच नसते, तिथं कुत्र्याला काम येतं का एवढंच बघतात.

मग ठरवायचं कसं? मी त्या आईला एकच गोष्ट विचारली की दिवसातली अशी कुठली वेळ आहे जिथं तुमचं अडतं, नेमकी. ती म्हणाली की तो शाळेतून आला की तासभर किंचाळतो आणि मुलं खेळायला बोलावतात तेव्हा जात नाही. ही दोन वेगळी कामं आहेत बघा आणि दोन्हींना पिल्लू आणणं हे उत्तर असेलच असं नाही. आधी काम कागदावर लिहा, प्राणी कुठला ते मग बघू.

मामा, गाइड डॉग आणि पांढरी काठी

मामांची नजर गेली तेव्हा आम्हा सगळ्या भाचरांना वाटलं की त्यांना गाइड डॉग आणू. परदेशातले व्हिडिओ बघितले होते ना. पहिल्या महायुद्धात डोळे गेलेल्या सैनिकांसाठी जर्मनीत ओल्डनबुर्गला १९१६ साली अशी पहिली शाळा निघाली, अमेरिकेत १९२९ साली सीइंग आय ही शाळा सुरू झाली आणि तेव्हापासून तिकडे शंभरेक वर्षांची पद्धत बसलीये. पिल्लू वर्ष-सव्वा वर्ष एका कुटुंबात वाढतं, माणसांची, गर्दीची, जिन्यांची सवय होते, मग काही महिने ट्रेनिंग, मग ज्या माणसाला द्यायचंय त्याच्याबरोबर काही आठवडे जोडीनं सराव. बरीच कुत्री मध्येच गळतात. पास झालेला कुत्रा साधारण आठ-दहा वर्षं काम करतो आणि मग रिटायर. एका कुत्र्यामागे तिकडच्या संस्थांचा पन्नास हजार डॉलरच्या आसपास खर्च होतो, तो देणग्यांतून येतो, घेणाऱ्याकडून नाममात्र पैसे घेतात. आपल्याकडे असं देणगीचं आणि शाळांचं जाळं उभंच नाही, त्यामुळे "पैसे भरतो, कुत्रा द्या" म्हणूनही मिळेल अशी स्थिती नाही.

पण समजा मिळालाच. मग काय? इथं मामांनी जे सांगितलं ते मला कधीच सुचलं नसतं. गाइड डॉग रस्ता दाखवत नाही. शनिपारावरून लक्ष्मी रोडला कसं जायचं हे माणसाला पाठ असावं लागतं, डावीकडे, उजवीकडे, सरळ हे माणूस सांगतो, कुत्रा फक्त वाटेतला खांब, गाडी, माणूस चुकवतो आणि पायरी आली की थांबतो. सिग्नलचा रंग त्याला कळत नाही, गाड्यांचा आवाज ऐकून कधी निघायचं ते माणूसच ठरवतो. आणि चाल म्हटलं तरी समोरून गाडी येत असेल तर कुत्रा जागचा हलत नाही, हुकूम मोडायचा कधी हेही त्याला शिकवलेलं असतं. ही शेवटची गोष्ट मला फार मोठी वाटते, त्यातच त्या सगळ्या ट्रेनिंगचं सार आहे.

आता हे पुण्यात बसवून बघा. फुटपाथवर टू-व्हीलर चढवलेल्या, मधेच ड्रेनेजचं झाकण उघडं, भाद्रपद आला की मांडवांनी अर्धा रस्ता व्यापलेला, आणि प्रत्येक चौकात त्या चौकाची कुत्री. मामा म्हणाले, "अगं, मला वाट पाठ आहे, मी काठीनं जातो तेव्हा चौकातली कुत्री मला ओळखतात. परक्या कुत्र्याला घेऊन गेलो की ती अंगावर येणार, आणि त्यात माझ्या कुत्र्याला चावा बसला तर तो परत रस्त्यावर धीरानं चालेल का?" हा प्रश्न अगदी खरा आहे. ज्या कुत्र्यावर एकदा हल्ला झाला त्याचा कामातला आत्मविश्वास जाऊ शकतो आणि तो गेला की सगळं ट्रेनिंग वाया.

शेवटी मामांनी रीतसर मोबिलिटी ट्रेनिंग, म्हणजे काठी घेऊन एकट्यानं फिरायचं शिक्षण, घेतलं आणि पांढऱ्या काठीवर स्मार्टकेन लावली. आयआयटी दिल्लीत तयार झालेली वस्तू आहे, २०१४ मध्ये बाजारात आली, मुठीत सेन्सर असतो आणि गुडघ्याच्या वर काही आलं, म्हणजे टेम्पोचा मागचा भाग, लोंबकळणारी फांदी, दुकानाचं अर्धं उघडं शटर, तर तीन मीटरपासून हाताला कंपनं जाणवायला लागतात. खालचा खड्डा काठीचं टोक सांगतं. काठीला खायला लागत नाही, ती आजारी पडत नाही, पीएमपीच्या बसमध्ये घडी घालून मांडीवर ठेवता येते. कुत्रा घेऊन बसमध्ये चढायचा प्रयत्न करून बघा आणि मला सांगा. रेल्वेत तर कुत्र्याला बरोबर ठेवायचं म्हणजे फर्स्ट एसीचा अख्खा कुपे किंवा केबिन बुक करा, नाहीतर तो गार्डच्या डब्यात.

म्हणून दृष्टीहीन माणसासाठी पुण्यात माझं मत स्पष्ट आहे, आधी काठी, चांगलं ट्रेनिंग, मोबाइलवरचं वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर, आणि या सगळ्यानंतरही काही अडत असेल तरच कुत्र्याचा विचार. ट्रेनिंगसाठी कुठं विचारायचं कळत नसेल तर पूना ब्लाइंड मेन्स असोसिएशन १९५२ पासून शहरात आहे, कोरेगाव पार्कची अंधशाळा तर त्याहून जुनी, तिथून सुरुवात करा. मामांना कुत्री आवडतात बरं का, खिशात पार्ले-जी असतोच चौकातल्या मंडळींसाठी.

बहिऱ्या माणसाच्या घरीही मी हेच म्हणेन, दाराची बेल वाजली की लाइट लागणारी यंत्रं आणि उशीखाली थरथरणारं घड्याळ मिळतं, तेवढ्यानं बरंचसं भागतं. फिट येणाऱ्यांच्या बाबतीत मात्र एक गोष्ट लक्षात ठेवा. फिट आल्यावर भुंकून घरच्यांना बोलवायचं, शेजारी बसून राहायचं, हे कुत्र्याला शिकवता येतं. फिट येणार हे आधी ओळखणं मात्र काही कुत्र्यांना आपसूक जमतं, काहींना कधीच नाही, त्याची हमी घेऊन कुणी कुत्रा विकत असेल तर तिथून उठून या. आणि कुत्रा आहे म्हणून गोळी चुकवायची नाही, हे वेगळं सांगायला नको.

आमचं पिल्लू

आता माझ्या घरचं. मुलगा आठ वर्षांचा असताना आम्ही लॅबचं पिल्लू आणलं. कुणीतरी म्हणालं होतं की ऑटिझमच्या मुलांना लॅब फार छान, आणि आम्ही काहीही न विचारता आणलं. लॅब छान असतो, पण दोन-अडीच वर्षांनी. आठ आठवड्यांचं पिल्लू दात येईपर्यंत दिसेल ते चावतं, पँटची बाहेर आलेली नाडी, बोटं, टाच. माझ्या मुलाला अचानक स्पर्श झालेला सहन होत नाही, आणि पिल्लाचं सगळंच अचानक. रात्री ते रडायचं, तो कान दाबून कोपऱ्यात. ओटीमध्ये (ऑक्युपेशनल थेरपीत) वर्षभरात जेवढं कमावलं होतं त्यातलं बरंच दोन महिन्यांत गेलं. घरात मी सकाळी डबा, शाळा, व्हॅन, आणि त्यात दर दोन तासांनी पिल्लाला खाली नेणं. चार महिन्यांनी पिल्लू सासवडला माझ्या भावाच्या घरी गेलं. ते तिथं मजेत आहे. पण मुलगा पुढचे कित्येक दिवस त्याच्या रिकाम्या वाटीपाशी जाऊन बसायचा, आणि तेव्हा कळलं की चावत होतं, त्रास होत होता, तरी ते त्याचं झालं होतं. हे मला आजही लागतं. म्हणून म्हणते, आणायचं असेल तर परत द्यायची वेळ येणार नाही असंच आणा.

मग थेरपी डॉगची सेशन्स

यानंतर दीड वर्षानं आमच्या ओटी मॅडमनी सुचवलं म्हणून सेशन्सना गेलो, आणि जो फरक बघितला तो प्रामाणिकपणे सांगते, ना वाढवून ना कमी करून.

एक मोठी, शांत गोल्डन रिट्रीव्हर, तिच्याबरोबर तिची हँडलर आणि एक थेरपिस्ट, अशी तिघं. पहिली दोन सेशन्स ती नुसती खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसून राहिली, मुलानं बघावं इतकंच. तिसऱ्या वेळी ब्रश. दहा वेळा फिरवायचा, मोजायचे. मग "सिट" म्हणायचं, आणि इथं खरी गंमत आहे, पुटपुटलं तर ती बसायची नाही, तिच्याकडे बघून स्पष्ट म्हटलं की लगेच बसायची. स्पीच थेरपीमध्ये आम्ही दोन वर्षं "डोळ्यात बघून बोल" म्हणत होतो, इथं त्याला स्वतःलाच गरज वाटली. कुत्रा रागावत नाही, घाई करत नाही, चेहऱ्यावर दहा भाव आणत नाही, आणि या मुलांना माणसाचा चेहरा वाचणंच अवघड असतं ना. अमेरिकेतले बालमानसतज्ज्ञ बोरिस लेव्हिन्सन यांना हे अपघातानंच दिसलं, त्यांचा जिंगल्स नावाचा कुत्रा खोलीत असला की न बोलणारं मूल मोकळं व्हायचं, आणि १९६२ मध्ये त्यांनी कुत्र्याला सहथेरपिस्ट म्हणत पेपर लिहिला तेव्हा बऱ्याच लोकांनी तो गांभीर्यानं घेतला नव्हता.

आता मर्यादा. यावर झालेले अभ्यास बरेचसे लहान आहेत, पाच-पंचवीस मुलांचे, आणि सेशनच्या वेळात लक्ष, बोलणं, शांतपणा वाढतो असं दिसलं तरी घरी, शाळेत ते किती टिकतं हे मूल पाहून बदलतं. आमच्याकडे अर्ध्या गोष्टी घरी आल्या, अर्ध्या नाही आल्या. ऑटिझम यानं जात नाही आणि ओटी, स्पीच बंद करून हे करायचं नाही, ते चालू ठेवून हे वरून. फीचं म्हणाल तर आधी विचारा की हे ग्रुपमध्ये आहे की एकट्याचं, दोन्हींत बराच फरक पडतो. केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टची निरामय ही आरोग्य विम्याची पॉलिसी तुमच्याकडे असेल, एक लाखापर्यंतची, तर त्यात नेहमीच्या थेरपीचे पैसे मिळतात, पण प्राण्यांच्या सेशनचं बिल त्यात बसेलच असं धरून बजेट करू नका.

मुंबई-पुण्यात या क्षेत्रात ॲनिमल एंजल्स फाउंडेशन हे जुनं नाव आहे, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट मीनल कविश्वर यांनी सुरू केलेलं. कुठंही गेलात तरी फोनवरच विचारा की सेशनमध्ये थेरपिस्ट असतो का की फक्त हँडलर, मुलाचं उद्दिष्ट लिहून ठेवतात का, आणि कुत्रा एका दिवसात किती मुलांबरोबर असतो. हा शेवटचा प्रश्न माझ्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाचा. कुत्रं थकलं की सांगतं, वारंवार जांभई देतं, ओठ चाटतं, मान फिरवतं, डोळ्याची पांढरी कड दिसायला लागते. हे दिसत असूनही हँडलर "काही नाही, करू दे त्याला मिठी" म्हणत असेल तर तुमचं मूल तिथं सुरक्षित नाही आणि ते जनावरही नाही. एका ठिकाणी मी हे बघितलं, लहान हॉलमध्ये पंधरा मुलं, एकच कुत्रा, वर फोटो काढणं चालू. आम्ही परत गेलो नाही.

घोडा: सगळ्यांसाठी नाही, पण ज्यांना लागू पडतो त्यांना जोरात

सीपीवाल्या त्या मुलीचं बघून माझं मत पक्कं झालं. दोन्ही पायांत ताठरपणा, मांड्या एकमेकींकडे ओढल्या जायच्या, आधाराशिवाय बसलं की कमरेतून कलायची. घोडा चालतो तेव्हा पाठीवर बसलेल्याची कंबर पुढे-मागे, वर-खाली आणि बाजूला अशी तिन्ही अंगांनी हलते, माणूस चालताना हलते तशीच जवळपास. म्हणजे जे मूल चालू शकत नाही त्याच्या कमरेला, पाठीला चालण्याचा सराव बसल्या बसल्या मिळतो. घोड्याचं अंग आपल्यापेक्षा किंचित गरम, मांड्या फाकवून बसलं की ताठरपणा सैल व्हायला त्याचीही मदत होते. सीपीमध्ये बसण्याचा तोल आणि धडावरचा ताबा सुधारतो हे बऱ्याच अभ्यासांत दिसलंय, कुत्र्याच्या मानानं इथं पुरावा जरा घट्ट आहे. आठ महिन्यांनी ती मुलगी जेवायला पाठ न टेकवता बसायला लागली, तिच्या आजीनं पेढे वाटले.

डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांना पोलिओनं गुडघ्याखाली पाय साथ देत नव्हते, घोड्यावर चढायला-उतरायला माणूस लागायचा, तरी १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ड्रेसाजमध्ये (घोड्याच्या शिस्तबद्ध चालींची स्पर्धा) रौप्य मिळवलं, आणि त्यानंतर युरोपात या उपचाराकडे लोक वळले. पण तुमच्या मुलाला रायडिंग शिकवणं वेगळं आणि फिजिओनं घोड्याची चाल उपचारासारखी वापरणं वेगळं. दुसऱ्यात फिजिओ किंवा ओटी स्वतः बरोबर चालतात, एक जण लगाम धरतो, दोघं दोन बाजूंना, डोक्याला हेल्मेट. एखाद्या ठिकाणी नुसता मोतद्दार मुलाला बसवून दोन फेऱ्या मारून आणत असेल तर त्याला थेरपी म्हणू नका, मग भले मुलाला मजा येवो.

आणि हे करण्याआधी डॉक्टरांची परवानगी, यात तडजोड नको. डाउन सिंड्रोम असेल तर मानेच्या वरच्या दोन मणक्यांमध्ये सैलपणा असू शकतो, त्यासाठी तपासणी आणि गरज पडली तर एक्स-रे झाल्याशिवाय घोड्यावर बसवायचं नाही. खुब्याचा सांधा निसटलेला असेल, कण्याला जास्त बाक असेल, फिट्स आटोक्यात नसतील तरी नाही.

अडचण अंतराची. अशी जागा शहरात नसते, तळेगाव, मुळशी असं बाहेर जावं लागतं, म्हणजे अर्ध्या तासाच्या सेशनसाठी अर्धा दिवस. जून ते सप्टेंबर चिखलानं निम्मी सेशन्स रद्द. एप्रिल-मेमध्ये सकाळी आठनंतर मुलाला आणि घोड्याला दोघांनाही ऊन सोसत नाही. आईवडील दोघं नोकरीला असतील तर हे किती महिने जमेल याचा विचार पहिल्याच दिवशी करा, कारण दोन महिने करून सोडलं तर हाती फार काही लागत नाही.

आणि तरीही घरी कुत्रा हवाच असेल

हो, आता आमच्याकडे कुत्री आहे. सेशन्स वर्षभर झाल्यावर, मुलगा कुत्र्याजवळ शांत बसतो, ब्रश करतो, भुंकलं तरी पळत नाही एवढं बघितल्यावर आम्ही तीन वर्षांची गावठी कुत्री दत्तक घेतली. मोठी घेतली, कारण तिचा स्वभाव समोर दिसत होता. तीन वेळा मुलाला घेऊन तिला भेटलो, चौथ्या वेळी ती आपणहून त्याच्या पायाशी येऊन बसली तेव्हा ठरवलं. नाव शेवंती. ती काही काम शिकलेली नाही, असिस्टन्स डॉग नाही, पण शाळेतून आल्यावरचा तो वाईट तास आता बराच सुसह्य झालाय, तो तिच्या पाठीवर हात ठेवून पडून राहतो.

गावठी कुत्र्यांबद्दल लोक नाक मुरडतात, पण पुण्याच्या हवेत ती सोसणारी असतात, केस कमी, कातडीचे त्रास कमी. हस्की वगैरे तर इथल्या मे महिन्यात आणूच नये, मला बघवत नाही. कोणताही कुत्रा असो, उन्हाळ्यात फिरायला नेण्याआधी तळहाताची मागची बाजू पाच-सात सेकंद डांबरावर टेकवून बघा, तुम्हाला भाजलं तर त्याचे पाय भाजणार.

खर्चात नुसतं खाणं धरू नका. रेबीजची लस दर वर्षी, बाकीच्या लसी, तीन महिन्यांनी जंताचं औषध, गोचीड, पावसाळ्यात लेप्टोचा धोका (उंदराच्या लघवीनं साचलेलं पाणी दूषित होतं, त्यामुळे डबक्यातलं पाणी पिऊ द्यायचं नाही). तुमच्या घरी कुणाची प्रतिकारशक्ती कमी असेल किंवा मूल हात तोंडात घालणारं असेल तर यातलं काहीच पुढे ढकलून चालत नाही. महापालिकेचं लायसन्स काढा, त्याला रेबीजच्या लसीचा दाखला लागतो. सोसायटी कटकट करेल, आमच्याकडे पण एका मीटिंगमध्ये ठराव आणायचा प्रयत्न झाला, तेव्हा मी ॲनिमल वेल्फेअर बोर्डाच्या २०१५ च्या गाइडलाइन्सची प्रिंट नेली. बहुमतानंसुद्धा पाळीव कुत्र्यावर बंदी घालता येत नाही असं त्यात स्पष्ट आहे. भांडले नाही, प्रिंट दिली आणि सांगितलं की शी उचलायची पिशवी माझ्या हातात कायम असते. ठराव मागे पडला.

सगळ्यात महत्त्वाचा खर्च माणसाचा. सकाळी सहाला कोण नेणार? आणि "मुलगाच सांभाळेल, त्याला जबाबदारी येईल" हे सुरुवातीला धरूच नका. दिव्यांग मुलाच्या घरात आई आधीच दोन माणसांचं काम करत असते. कुत्र्याचं कामही तिच्याच अंगावर पडणार असेल आणि तिला मुळात कुत्री आवडतच नसतील तर माझा स्पष्ट सल्ला, नका आणू, महिन्यातून चार सेशन्स करा. त्यात कमीपणा काही नाही.

कुत्र्याची ॲलर्जी असेल किंवा जागाच नसेल तर गिनी पिग, ससा, माशांची टाकी यांचाही मुलांना उपयोग होतो, मासे बघत बसणारी मुलं मी बघितलीत. फक्त ससा वरून उचललेला त्याला आवडत नाही, मांडीवर घेऊन बसायचं शिकवावं लागतं. आणि पोपट नको. पिंजऱ्यातला हिरवा पोपट किंवा नक्षीवालं कासव कुणी देऊ केलं तरी घेऊ नका, १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं ते पाळणं गुन्हा आहे, आणि आजही ते सर्रास विकलं जातं.

त्या आईला मी शेवटी म्हटलं की दिरांना सांग पिल्लू दुसऱ्या कुणाला देऊ देत, आणि माझ्याबरोबर शनिवारी सेशन बघायला ये, नुसतं बघायला, फी न भरता, मी विचारून ठेवलंय. तिनं नवऱ्याला तिथूनच फोन लावला. शनिवारी साडेदहाला सेंटरवर भेटतोय, मुलाला बूट घालून आण म्हटलंय कारण कुत्री पायाची बोटं चाटते आणि पहिल्या दिवशी त्याला ते आवडणार नाही, आणि खिशात बिस्कीट नको, हँडलरला विचारल्याशिवाय काही खायला द्यायचं नसतं.